आठवड्याचे दोन दिवस वॉर्डात

एम.एस.डब्ल्यू.च्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षी, २०२३ च्या जुलैमध्ये, महाविद्यालयाने मला नागपुरातील एका शासकीय रुग्णालयात क्षेत्रकार्यासाठी पाठवले. माझी खरी इच्छा बालगृहात जाण्याची होती. पहिले वर्ष मी एका वस्तीत काढले होते आणि लोकांशी बोलणे आपल्याला जमते, असा माझा समज झाला होता. रुग्णालयाचे नाव यादीत पाहिल्यावर मी आमच्या क्षेत्रकार्य समन्वयकांकडे बदलीचा अर्ज घेऊन गेले. त्यांनी अर्ज वाचला, घडी घालून मला परत दिला आणि मंगळवारी साडेनऊला रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात हजर राहायला सांगितले.

ज्यांना या अभ्यासक्रमाची माहिती नाही त्यांच्यासाठी एवढे सांगणे आवश्यक आहे की, समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्य हा जोडविषय नसून निम्मा अभ्यासक्रमच असतो. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने देशातील पहिली समाजकार्य शाळा निघाली तेव्हापासून वर्गातले शिक्षण आणि देखरेखीखालचे प्रत्यक्ष काम अशी जोडी चालत आली आहे. आठवड्यातून दोन दिवस, साधारण १५ तास, विद्यार्थी एखाद्या संस्थेत काम करतो. तिथे त्याच्यावर संस्थेतील पर्यवेक्षकाचे लक्ष असते आणि महाविद्यालयात एक प्राध्यापक त्याची वही तपासून दर आठवड्याला त्याच्याशी स्वतंत्रपणे बोलतो. या बोलण्याला, म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्सला, आम्ही नुसते ‘आयसी’ म्हणतो. सर्वांनी मिळून केलेल्या चर्चेला, म्हणजे ग्रुप कॉन्फरन्सला, ‘जीसी’. बाहेरून पाहणाऱ्याला ही सारी सह्यांची आणि हजेरीपत्रकांची कसरत वाटते, आणि पहिल्या वर्षी मलाही तसेच वाटत होते.

रुग्णालयातील माझे पर्यवेक्षक समाजसेवा अधीक्षक होते. या पदाचे नाव भारदस्त असले तरी त्यांची खोली औषधांच्या भांडाराशेजारी होती आणि तिला लागून व्हीलचेअर ठेवायची जागा असल्यामुळे दिवसभर कोणी ना कोणी दार उघडून “खुर्ची आहे का?” असे विचारत असे. भारतात रुग्णालयात पहिल्यांदा समाजकार्यकर्ता नेमला गेला तो १९४६ साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात, सर हे कधी कधी सांगत आणि मग खुर्चीच्या चौकशीला उत्तर देत. त्यांच्याकडे दिवसाला येणारी कामे अशी असत : रेशन कार्डावर नाव नसल्यामुळे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अडकलेले रुग्ण, मध्य प्रदेशातून आलेले आणि आयुष्मान कार्ड घरी विसरलेले रुग्ण, रक्ताची सोय, डामा घ्यायला निघालेले नातेवाईक, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न मानता रुग्णाला घरी नेणारे, आणि पोलिसांनी आणून सोडलेले अनोळखी रुग्ण.

पहिले तीन आठवडे मी काहीच केले नाही, असे तेव्हा मला वाटत होते. सरांनी मला वॉर्डात सिस्टरांच्या टेबलाजवळ उभे राहून पाहायला सांगितले. राउंड सुरू असताना रुग्णाशी बोलायचे नाही. खाटेवर बसायचे नाही, स्टूल ओढून रुग्णाच्या डोळ्यांच्या उंचीला यायचे. केसपेपर आधी वाचायचा, मग सिस्टरांना विचारायचे, आणि रुग्णाला पहिला प्रश्न आजाराचा न विचारता जेवणाचा विचारायचा. हे सारे मी वहीत ‘निरीक्षण’ या मथळ्याखाली उतरवले आणि महाविद्यालयात माझी वही तपासणाऱ्या मॅडमनी समासात लिहिले, “हे सरांचे निरीक्षण आहे. तुमचे कोठे आहे?” मला त्या वेळी थोडा राग आला. मात्र पुढच्या मंगळवारी मी पाहिले की पुरुषांच्या वॉर्डात रुग्णाजवळ रात्री थांबणारी बहुतेक माणसे बायकाच होत्या, त्यांच्यासाठी त्या मजल्यावर स्वच्छतागृह नव्हते आणि त्यामुळे त्या संध्याकाळी पाचनंतर पाणी पीत नव्हत्या. ते मी लिहिले. त्या पानावर समासात काही नव्हते, फक्त सही होती.

एक गोष्ट तक्रार म्हणून नोंदवते. क्षेत्रकार्याच्या विद्यार्थ्याला कोणी वेतन देत नाही, बसभाडे त्याचे स्वतःचे असते, आणि संस्थेत माणसे कमी असली की विद्यार्थी हा फुकटचा कारकून ठरतो. झेरॉक्स काढून आणणे, रक्तपेढीत चिठ्ठी पोहोचवणे, जन आरोग्य योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या खिडकीपाशी नातेवाइकाची जागा धरणे ही कामे मी महिनाभर केली. ही कामे हलकी आहेत असे मी म्हणत नाही. रांगेत उभे राहिल्यामुळेच ती रांग कोठे अडते हे मला कळले. पण काम शिकवण्यासाठी दिले आहे की माणूस नाही म्हणून दिले आहे, हे विचारण्याचा अधिकार विद्यार्थ्याला असायला हवा. आयसीमध्ये मी ते विचारले, मॅडम सरांशी बोलल्या, आणि ऑगस्टपासून मला सिकलसेलच्या रुग्णांचे काम मिळाले.

विदर्भात वाढलेल्या माणसाला सिकलसेल हा शब्द नवा नसतो. त्याच जुलैच्या १ तारखेला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले होते आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवण्याचे उद्दिष्ट ठरले होते. त्यामुळे भिंतीवर नवी भित्तिपत्रके लागली होती. वॉर्डात मात्र हा आजार भित्तिपत्रकासारखा दिसत नाही. रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, पोटात, छातीत असह्य कळा येतात. अंगातले पाणी कमी झाले, थंडी बाधली, ताप आला, श्रम झाले की ही कळ उठते. माझ्याकडे आलेली मुलगी १७ वर्षांची होती, गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातली. बारावीला होती. तिला कळ का आली हे केसपेपरवर नव्हते. तिथे फक्त ‘पेन क्रायसिस’ असे लिहिलेले होते. स्टुलावर बसून जेवणाबद्दल बोलता बोलता तिने सांगितले की, रोवणीच्या हंगामात ती चार दिवस आईबरोबर मजुरीला गेली होती. पूर्व विदर्भात धानाची रोवणी म्हणजे पावसात, गुडघाभर चिखलात, कमरेत वाकून दिवसभर काम. सिकलसेलच्या रुग्णाने टाळायचे ते सारे एका बांधीत, म्हणजे धानाच्या एका शेततुकड्यात, एकत्र आलेले असते. आपण ते टाळायला हवे होते हे मुलीला माहीत होते. बारावीच्या परीक्षेचे शुल्क भरायचे होते, हेही तिला माहीत होते.

तिची आई बोलकी नव्हती. वडसा-ब्रह्मपुरीमार्गे नागपूरपर्यंतच्या एसटीच्या फेऱ्यांचा हिशेब मात्र तिला तोंडपाठ होता : वर्षात किती वेळा आलो, दोघींचे मिळून किती लागले, कोणत्या वेळी कोणाकडून घेतले. ते ऐकून मला काहीतरी देण्याची घाई झाली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात जे २१ प्रकार आहेत त्यांत सिकलसेल आहे, हे मी नुकतेच वर्गात शिकले होते. एसटीत सिकलसेलच्या रुग्णांना सवलत आहे हेही कुठेतरी वाचले होते. ही दोन वाक्ये मी मनात एकत्र बांधली आणि आईला एकच वाक्य म्हणून दिली.

त्या दिवसाच्या नोंदीत मी लिहिले : “रुग्णाच्या आईस शासकीय सवलतींची माहिती दिली. आईने समाधान व्यक्त केले.”

वही परत आली तेव्हा ‘माहिती’ या शब्दाभोवती लाल वर्तुळ होते आणि ‘समाधान’ या शब्दाखाली रेघ. आयसीमध्ये मॅडमनी विचारले, “आई नेमके काय म्हणाली?”

“‘बरं झालं जी’ म्हणाली.”

“आणि त्याच्या आधी तुम्ही काय म्हणालात?”

मी पुन्हा तेच सांगितले, की सवलतींची माहिती दिली. मॅडम म्हणाल्या की, ते त्यांनी वाचले आहे; त्यांना माझे शब्द हवे आहेत. मला आठवत नाही, असे मी म्हणाले. ते खरे नव्हते. संवाद जसा झाला तसा, प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहून आणायला त्यांनी सांगितले आणि मी ते पुढच्या आठवड्यावर ढकलले, कारण हा शब्दांचा कीस आहे आणि वॉर्डात यापेक्षा महत्त्वाची कामे पडली आहेत, असे माझे प्रामाणिक मत होते.

दहा-बारा दिवसांनी आई एकटीच आली. ती समाजसेवा विभागाच्या दारात उभी होती आणि हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद होते. मी सांगितल्याप्रमाणे तिने मुलीचा यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज भरला होता, त्यासाठी दोनदा खेपा घातल्या होत्या आणि वैद्यकीय मंडळासमोर मुलीला उभे केले होते. मंडळाने दिलेले प्रमाण ४० टक्क्यांपेक्षा कमी होते. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट असते, हे मी तिला सांगितले नव्हते, कारण त्या दिवशी मला ते आठवले नव्हते. आणि त्याहून वाईट म्हणजे, सिकलसेलच्या रुग्णांसाठी एसटीची जी सवलत आहे तिचा या प्रमाणपत्राशी संबंधच नव्हता. तिच्यासाठी सरकारी डॉक्टरांचा वेगळा दाखला लागतो. मी तिला चुकीच्या रांगेत उभे केले होते. त्यात तिची पाच दिवसांची मजुरी गेली.

“तुमी तं म्हटलं होतं, होऊन जाईन म्हणून,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

त्या रात्री मी संवाद लिहून काढला. दोन पाने झाली. त्यातले माझे वाक्य असे होते : “काळजी करू नका, प्रमाणपत्र काढा, एसटीचा प्रवास फुकट होऊन जाईल.” नोंदीत त्याचे ‘माहिती’ कसे झाले, ते त्या दोन पानांत स्पष्ट दिसत होते. ‘होऊन जाईल’ हे मी तिला दिलेले आश्वासन होते, आणि ते देण्याचा अधिकार मला, सरांना, त्या मंडळातल्या डॉक्टरांनाही एकट्याने नव्हता. ‘समाधान’ हेही माझेच होते. तिचे वाक्य होते “बरं झालं जी”, आणि आमच्या भागात हे कोणालाही निरोप देताना म्हणतात.

सर रागावतील असे मला वाटले होते. त्यांनी चूक दुरुस्त करण्याचा क्रम सांगितला. आधी आईला चूक कोणाची ते सांगायचे, कारण ती मंडळाला किंवा स्वतःला दोष देत राहिली तर पुढच्या कागदावर विश्वास ठेवणार नाही. मग योग्य दाखल्यासाठी कोणत्या डॉक्टरांकडे, कोणत्या दिवशी, कोणते कागद घेऊन जायचे हे स्वतः जाऊन विचारून यायचे, आणि ते कागदावर लिहून द्यायचे. त्यांनी माझ्या वतीने फोन केला नाही. तेव्हा मला ते कठोर वाटले. त्यांनी फोन केला असता तर काम दहा मिनिटांत झाले असते हे खरेच आहे, पण त्या डॉक्टरांच्या दारात मी पाऊण तास उभी राहिले त्या वेळात माझ्या पुढे आणखी तीन आया त्याच कागदासाठी उभ्या होत्या, हे मला फोनवर कळले नसते.

मी आईला म्हणाले की, चूक माझी होती. मी नीट न विचारता सांगितले. ती काही क्षण पिशवीतले कागद नीट लावत राहिली आणि मग म्हणाली, “आता कोनता कागद लागते ते सांगा जी.” क्षमा केल्याचे किंवा न केल्याचे ती काहीच बोलली नाही. मी हे जसेच्या तसे वहीत लिहिले आणि या वेळी तिच्या मनाविषयी एकही विशेषण लावले नाही.

त्या रांगेतल्या तीन आयांवरून सरांनी गटकार्याची कल्पना काढली. सिकलसेलच्या बाह्यरुग्ण विभागाच्या दिवशी, तपासणीचा अहवाल येईपर्यंत बायका दोन-दोन तास बसून असत. तेवढ्या वेळात बसायचे. आम्ही सहा बैठका घेतल्या. विषय मी ठरवले होते : आहार, पाणी, सिकलसेलवरची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी न चुकवणे. दुसऱ्याच बैठकीत बायकांनी त्यांचा विषय आणला. घरात सगळे म्हणतात, हा आजार सुनेच्या माहेरून आला. एका बाईच्या सासूने तिच्या देखत असे म्हटले होते की, आमच्या खानदानात कोणाला हे नव्हते.

आनुवंशिकता फळ्यावर शिकवता येते, पण तिथे फळा नव्हता. एका बाईने हातातल्या बांगड्या काढून दिल्या. आईजवळ एक हिरवी, एक लाल. बापाजवळही एक हिरवी, एक लाल. दोघेही धडधाकट, कारण एक हिरवी पुरते. प्रत्येक मूल आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन बांगड्या घेऊन येते. दोन्ही लाल आल्या तर मूल आजारी. लाल बांगडी बापाकडून आल्याशिवाय ते होतच नाही, हे दिसताच बायकांमध्ये जी कुजबुज झाली ती मला नोंदवता आली नाही, कारण सगळ्या एकदम बोलत होत्या. मी पुढे सांगितले की, चारात एक अशी शक्यता असते. तेव्हा कोपऱ्यात बसलेली एक बाई म्हणाली की, मग माझे झाले, पहिलाच पोरगा आजारी आहे, आता पुढचे तीन चांगले. मी थांबले. चारात एक हे मी वर्गात शिकल्यासारखे सांगितले होते आणि तिने ते रेशनसारखे ऐकले होते. बांगड्या पुन्हा मांडल्या, पुन्हा उचलल्या : प्रत्येक बाळंतपणाला चारही बांगड्या नव्याने समोर येतात, मागच्या वेळी काय उचलले गेले याची आठवण त्यांना नसते. हे तीनदा करावे लागले. ती बाई तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती, हे मला चौथ्या बैठकीत समजले. त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे पाठवले.

जीसीमध्ये मी हा अनुभव मांडला तेव्हा वर्गमित्रांनी बांगड्यांचे कौतुक केले. मॅडमनी विचारले की, ती बाई गरोदर आहे हे पहिल्या बैठकीत का समजले नाही. गटाच्या नोंदवहीत मी नाव, गाव, रुग्णाचे वय एवढेच रकाने केले होते. आईविषयी रकानाच नव्हता.

वर्षभरात माझ्या हातून जे काम खरोखर पूर्ण झाले त्यात माझा वाटा फार कमी होता, हेही सांगायला हवे. डिसेंबरात पोलिसांनी एका म्हातारीला आणले. अनोळखी म्हणून नोंद झाली. ती नाव सांगत नव्हती आणि मी मराठीत व हिंदीत तीन दिवस प्रयत्न करून थकले. चौथ्या दिवशी वॉर्डातल्या मावशी तिचे अंथरूण बदलताना स्वतःशीच पोवारीत काहीतरी पुटपुटल्या आणि म्हातारीने त्याच बोलीत उत्तर दिले. मावशी गोंदियाकडच्या होत्या. अर्ध्या तासात त्यांनी मध्य प्रदेशातल्या वारासिवनीजवळच्या एका गावाचे नाव काढले. पुढचे काम, म्हणजे पोलीस ठाण्याला पत्र, तिथल्या पंचायतीला फोन, भाचा घ्यायला आल्यावर ओळख पटवून घेणे, हे सरांनी आणि मी केले. नोंद लिहिताना ‘विद्यार्थिनीने रुग्णाची ओळख पटवली’ असे वाक्य माझ्या पेनाच्या टोकाशी आले होते. मी मावशींचे काम मावशींच्या नावावर लिहिले. वर्तुळ पडेल या भीतीने लिहिले, हे कबूल करते.

तोंडी परीक्षा एप्रिलमध्ये झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जाड वही चाळली, दोन सैद्धांतिक प्रश्न विचारले आणि मग नेमके ते दोन पानांचे संवादलेखन उघडून विचारले की, ही चूक नोंदीत ठेवायची गरज काय होती. मी म्हणाले की, आईची पाच दिवसांची मजुरी गेली होती आणि ती दुसरीकडे कोठेही लिहिलेली नव्हती. ते उत्तर त्यांना पटले की नाही ते कळले नाही. गुण बरे मिळाले.

कुरखेड्याच्या मुलीची बारावीची परीक्षा त्याआधीच झाली होती; तिला डिसेंबरच्या शेवटी एसटीचा दाखला मिळाला होता आणि त्यानंतर आई दोनदा येऊन गेली होती. शेवटच्या मंगळवारी मी तिची फाईल पुढच्या विद्यार्थ्यासाठी तयार केली. रक्ततपासणीच्या तारखा, गोळीचा डोस बदलल्याची नोंद, पुढच्या रोवणीच्या आधी मुलीशी आणि आईशी वेगवेगळे बोलण्याची आवश्यकता, आणि दिव्यांग प्रमाणपत्राच्या फेरतपासणीचा विषय कोठे थांबला आहे, हे सारे एका पानात बसवले. सरांनी पान वाचले, सही केली, शिक्का मारला आणि माझ्याकडे परत सरकवले. मी तारीख घालायला विसरले होते.